समुद्री चाचे, जादू आणि दरबारी कारस्थाने: तरुणांच्या फँटसी कादंबरीत या तिघांची मोट कशी बांधावी?

दर्यादिली (धागाकर्ता)

किशोर आणि तरुण वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या फँटसी कादंबऱ्यांत समुद्री चाच्यांचा उपप्रकार आता चांगलाच रुजला आहे. पंधरा-सोळा वर्षांची नायिका किंवा नायक, घरातून वा कैदेतून निसटून गाठलेले जहाज, अंगात असूनही स्वतःला न उमगलेली एखादी शक्ती आणि दूर राजधानीत सिंहासनावरून चाललेली ओढाताण, एवढा ऐवज बहुतेक कादंबऱ्यांत हमखास सापडतो. मी हा प्रकार आवडीने वाचतो आणि म्हणूनच एक तक्रार मांडतो आहे. चाचेगिरी, जादू आणि राजकारण या तीन गोष्टी अशा कादंबरीत एका छपराखाली राहूनही एकमेकींशी बोलत नाहीत. जहाजावर असेपर्यंत साहस, बेटावर उतरले की जादू आणि राजधानीत पोहोचले की कारस्थान, असा सगळा मामला असतो. जादू काढून टाकली तरी कारस्थान जसेच्या तसे उभे राहते, आणि चाच्यांच्या जागी दरोडेखोर घातले तरी कथानकाला ओरखडासुद्धा उठत नाही.

माझ्या मते या तिघांना जोडणारा सांधा इतिहासाने तयार ठेवला आहे, आणि तो म्हणजे परवाना. युरोपातील राजे युद्धकाळात खासगी जहाजांना शत्रूची जहाजे पकडण्याचे लेखी अधिकारपत्र देत असत. जहाज तेच, खलाशी तेच आणि लूटही तीच; पण हातात कागद असला तर ती राजसेवा ठरे आणि नसला तर त्याच कामासाठी फास मिळे. १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्याने सही करणाऱ्या राष्ट्रांपुरती ही पद्धत बंद केली, तोवर ती काही शतके चालली होती. फ्रान्सिस ड्रेक हा इंग्रज दर्यावर्दी स्पेनच्या लेखी निव्वळ चाचा होता, तर १५८१ मध्ये एलिझाबेथ राणीने त्याच्याच जहाजावर जाऊन त्याला सरदारकी बहाल केली, आणि त्या समारंभात तलवार फ्रेंच दूताच्या हाती देऊन फ्रान्सलाही त्या कृत्यात गुंतवून घेतले. कान्होजी आंग्रे मराठी राज्याचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते, पण इंग्रजांच्या दप्तरात त्यांची नोंद चाचा म्हणूनच झाली. त्यांचे दस्तक, म्हणजे परवाना न घेता जाणारे जहाज ते पकडत, आणि पोर्तुगीज तर कार्ताझ नावाच्या परवान्याच्या जोरावर सुमारे दोनशे वर्षांपासून नेमके हेच करत आले होते. चाचा कोण, हे समुद्रावर ठरतच नाही. ते ज्याच्या दप्तरात नोंद होते त्याच्या सोयीने ठरते.

आता कल्पना करा की या जगात जादूलाही असाच परवाना लागतो. जादू करणे हा गुन्हा नाही, पण बिनपरवाना जादू करणे हा देहान्त शिक्षेचा गुन्हा आहे, आणि परवाने देण्याचा हक्क कोणाचा यावरून दरबारात दोन तट पडलेले आहेत. एवढे गृहीत धरले की नायिकेने नुसती शिडात फुंकर मारली तरी तिच्यावर खटला उभा राहू शकतो आणि एखाद्या सरदाराचे आसन डळमळू शकते. मंडळींना काय वाटते? विशेषतः अशी कादंबरी लिहीत असलेल्यांनी जरूर लिहावे.

कोरा कागद

लिहीत असलेल्यांपैकी मी एक आहे, त्यामुळे माझ्या कच्च्या खर्ड्याची अडचणच इथे ठेवते. माझी नायिका सोळा वर्षांची आहे आणि तिला वारा बोलावता येतो. ती एका चाच्यांच्या जहाजावर आसरा घेते. राजधानीत एक अल्पवयीन राजपुत्र आहे आणि त्याच्या नावाने कारभार पाहणारा त्याचा काका. तिसऱ्या प्रकरणापर्यंत सगळे सुरळीत चालते, पण त्यानंतर कथेतील ताणच संपतो, कारण जिला हवा तेव्हा वारा मिळतो तिला पकडणार कोण? मग मी तिची शक्ती अधूनमधून आटवते, ती थकते, तिला ताप येतो, आणि हे सगळे केवळ पाठलाग रंगावा म्हणून केले आहे हे वाचकाच्या लगेच लक्षात येते. राजधानीतील प्रकरणे तर एखाद्या वेगळ्याच पुस्तकातून आल्यासारखी वाटतात. दर्यादिली यांची परवान्याची कल्पना मला पटते. मात्र ती माझ्या वाऱ्याला कशी लागू करावी, हे अजून दिसत नाही.

उलटा वारा

कोरा कागद, आपल्या नायिकेला ताप आणण्याची काहीच गरज नाही, कारण वाऱ्याच्या अंगी मुळातच पुरेशा अडचणी आहेत. पहिली अशी की वारा कोणा एकाचा नसतो. तिने आपल्या शिडांसाठी बोलावलेला वारा मागून येणाऱ्या जहाजाची शिडेही तितकाच भरतो. पाठलागावर असलेले राजाचे जहाज मोठे असेल, त्याला शिडे अधिक असतील, तर तिच्याच वाऱ्यावर स्वार होऊन ते तिला गाठेल. म्हणजे वारा बोलावण्यापूर्वी तिला दोन्ही जहाजांची बांधणी, वजन आणि शिडे यांचा अंदाज असावा लागेल, आणि त्यासाठी एखाद्या जुन्या तांडेलाचे ऐकावे लागेल. जादू तिची असली तरी ती कधी वापरायची हे कळणारा माणूस दुसराच आहे, यातूनच नात्यांचे कितीतरी प्रसंग निर्माण होतात. चौकोनी शिडांचे जहाज वाऱ्याच्या तोंडावर थेट जाऊ शकत नाही, त्याला सुमारे ६५ ते ७० अंशांचा कोन राखावाच लागतो. तिकोनी शिडांचे गलबत त्याहून बरेच जवळून जाते. लहान गलबतावरील मुलगी वारा समोरून बोलावून मोठ्या युद्धनौकेला जागच्या जागी खोळंबवू शकते, पण मग तिला स्वतःलाही नागमोडी मार्गाने वर चढत राहावे लागते आणि त्यात तिच्या खलाशांचे हात सोलून निघतात.

दुसरी अडचण तळाची आहे आणि तिच्याकडे या प्रकारच्या कादंबऱ्या सर्रास दुर्लक्ष करतात. उष्ण समुद्रात लाकडी जहाजाच्या तळाला काही महिन्यांत शेवाळ आणि शिंपले यांचा जाड थर चढतो, आणि लाकूड पोखरणारा किडा फळ्यांची चाळण करतो. मग कितीही वारा असला तरी जहाज ओढल्यासारखे चालते. चाच्यांना राजाच्या गोद्या वापरता येत नसत, म्हणून ते एखादी आडवळणाची खाडी शोधत, तोफा आणि सामान किनाऱ्यावर उतरवत, डोलकाठीला दोर लावून जहाज एका कुशीवर कलंडवत, तळ खरवडून काढत, शेवाळ आगीने जाळत आणि चरबी व गंधक यांचे मिश्रण चोपडत. नंतर दुसरी कूस. हे काम चालू असेपर्यंत जगातील सर्वांत वेगवान जहाज चिखलात आडवे पडलेले असे आणि त्याच्या तोफा झाडाखाली असत. आपल्या नायिकेला पकडायचे असेल तर काकाने त्या दिवसांत माणसे पाठवावीत. तिथे वारा बोलावून काय होणार, धुराची दिशा बदलेल एवढेच.

तिसरी अडचण हिशेबाची आहे. शिडांच्या काळातील सगळा व्यापार वाऱ्याच्या पंचांगावर चालत असे. मोसमी वारा फिरेपर्यंत व्यापारी बंदरात महिनोन्‌महिने थांबत आणि त्या थांबण्यावर वखारीचे भाडे, सावकाराचे व्याज, जकातदाराचे उत्पन्न आणि विमा उतरवणाऱ्याचा धंदा असे सगळे अवलंबून असे. बिगरमोसमात वारा आणू शकणारी मुलगी या प्रत्येकाचे दिवाळे काढू शकते. तिला मारण्यासाठी पैसे मोजणारे सर्वांत पहिले लोक राजधानीतले नसतील, बंदरातले असतील. आणि काकाचा खजिना याच सावकारांच्या कर्जावर चालत असेल तर आपली राजधानीची प्रकरणे आपोआप समुद्राला येऊन मिळतील.

जाता जाता एक संदर्भ देतो. वारा विकत घेण्याची समजूत उत्तर युरोपात खरोखर होती. ओलाउस मॅग्नस या स्वीडिश धर्मगुरूने १५५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्णनात असे विक्रेते येतात: दोरीला तीन गाठी मारून दिल्या जात, पहिली सोडली की मंद वारा, दुसरी सोडली की जोराचा आणि तिसरी सोडली की वादळ. आपल्या जगात वारा असा गाठीत बांधून विकला जात असेल तर परवाना नेमका कशावर लागतो, तेही ठरते. गाठ मारण्यावर, विकण्यावर की सोडण्यावर? तिन्हींची कलमे वेगवेगळी असतील आणि तिसरी गाठ खासगी माणसाच्या हाती असणे हाच राजद्रोह मानला जात असेल.

तळटीप

दर्यादिली यांनी परवान्याचा मुद्दा मांडला आहेच, तर त्यावरचा सर्वांत बोलका खटला इथे सविस्तर सांगायला हवा, कारण कारस्थान कसे रचावे याचा तो वस्तुपाठ आहे. विल्यम किड हा चाच्यांना पकडण्यासाठी राजाची सनद घेऊन निघालेला कप्तान होता. त्याच्या मोहिमेत पैसे गुंतवणाऱ्यांमध्ये इंग्लंडच्या सत्ताधारी व्हिग पक्षाचे बडे सरदार होते, मात्र त्यांची नावे पडद्याआड राहतील अशी व्यवस्था होती. जानेवारी १६९८ मध्ये त्याने मलबार किनाऱ्याजवळ केदाह मर्चंट हे मोठे मालवाहू जहाज पकडले. किडने आपल्या जहाजावर फ्रेंच निशाण चढवले होते, त्यामुळे समोरच्यांनी जवळचा फ्रेंच परवाना पुढे केला आणि तिथेच ते फसले. फ्रान्स शत्रुराष्ट्र असल्याने फ्रेंच परवान्यावर चालणारे जहाज पकडणे किडच्या सनदेत बसत होते. अशी दोन जहाजांची दोन फ्रेंच परवानापत्रे त्याने जपून ठेवली, कारण आपला जीव त्या दोन कागदांवर अवलंबून आहे हे त्याला ठाऊक होते.

मात्र मध्यंतरी वारे फिरले होते. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने औरंगजेबाचे गंज-इ-सवाई हे जहाज लुटल्यापासून मुघल दरबार संतापलेला होता, सुरतेतील इंग्रजांना त्याची झळ बसली होती, आणि ईस्ट इंडिया कंपनीला दरबाराचे समाधान करण्यासाठी कोणीतरी चाचा फासावर गेलेला हवा होता. लंडनमध्ये टोरी पक्षाला व्हिग सरदारांना अडकवायचे होते. किडला संसदेच्या कॉमन्स सभागृहापुढेही उभे करण्यात आले, पण पाठीराख्यांना गोत्यात आणणारे त्याच्याकडून काही निघाले नाही. खटल्याच्या वेळी ती दोन परवानापत्रे सापडत नव्हती. २३ मे १७०१ रोजी त्याला फाशी दिले. पहिल्या वेळी दोर तुटला, म्हणून पुन्हा चढवले. ती परवानापत्रे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या सरकारी दप्तरातच सापडली.

कोरा कागद, यात तलवारबाजी नाही, विषप्रयोग नाही, गुप्त दरवाजाही नाही. दोन कागद एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेले आणि त्यात एक माणूस संपला. तरुण वाचकाला हे समजणार नाही असे मुळीच नाही, उलट मोठ्यांच्या जगात नेमके असेच घडते हा संशय त्याच्या मनात आधीपासून असतो. आपल्या नायिकेजवळ असा एक कागद असू द्या. तो तिला वाचता न येणाऱ्या लिपीत असला तर अधिकच चांगले, कारण मग तो वाचून दाखवणाऱ्यावर तिला विश्वास ठेवावा लागेल.

सुकाणू

आतापर्यंतचे प्रतिसाद वाचनीय आहेत, पण माझा एक मूलभूत आक्षेप आहे. तुम्ही सगळे जण राज्यशास्त्राची कादंबरी लिहायला निघाला आहात. पंधरा वर्षांचा वाचक चाच्यांच्या पुस्तकाकडे जातो तो परवान्यांसाठी नाही आणि वखारीच्या भाड्यासाठी तर नाहीच. घरात, शाळेत, समाजात आपले मत कोणी विचारत नाही अशा वयात तो असतो, आणि जहाजावर ते विचारले जाते. या प्रकाराचे सगळे आकर्षण त्यात आहे, आणि इतिहासही याला दुजोरा देतो. अठराव्या शतकातील चाचा बार्थोलोम्यू रॉबर्ट्स याच्या जहाजावरील करारनाम्याचे पहिलेच कलम प्रत्येक माणसाला महत्त्वाच्या बाबींत मत देते. कप्तान निवडलेला असे, त्याची निरंकुश सत्ता पाठलाग आणि लढाई एवढ्यापुरतीच चाले, आणि एरवी त्याच्यावर अंकुश ठेवायला खलाशांनीच निवडलेला क्वार्टरमास्टर असे. सतराव्या शतकातील कॅरिबियन लुटारूंच्या करारांत तर जखमांची भरपाई ठरलेली होती: उजवा हात गेला तर चांदीची ६०० नाणी, डावा गेला तर ५००, डोळा गेला तर १००. त्याच काळात राजाच्या आरमारातील खलाशाला चाबूक खावा लागे आणि पगारासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे.

अशा जहाजावर मुलेही होती. १७१६ च्या नोव्हेंबरमध्ये सॅम बेलामी या चाच्याच्या टोळीने एक जहाज पकडले, तेव्हा त्यावर आईबरोबर प्रवास करणारा जॉन किंग नावाचा, दहाच्या आसपास वयाचा मुलगा हट्टाने चाच्यांत सामील झाला. त्या जहाजाच्या कप्तानाची तशी जबानी उपलब्ध आहे. पुढच्या एप्रिलमध्ये बेलामीचे व्हिडा हे जहाज अमेरिकेतील केप कॉडजवळ वादळात बुडाले. १९८४ मध्ये त्याचे अवशेष सापडले आणि त्यांत एका लहान मुलाचा बूट, रेशमी मोजा आणि पायाचे हाडही मिळाले. त्या मुलाला परवाना, व्हिग आणि टोरी यांच्याशी काय देणेघेणे होते? कादंबरी त्याच्या उंचीवरून लिहिली गेली पाहिजे.

दर्यादिली (धागाकर्ता)

सुकाणू यांचा आक्षेप वजनदार आहे, पण त्याचे उत्तर त्यांच्याच प्रतिसादात दडलेले आहे असे मला वाटते. जहाजावर मत आहे म्हणजेच जहाजावर राजकारण आहे. कारस्थान राजधानीतच घडले पाहिजे हा आग्रह आपण धरतो म्हणून ते वाचकापासून दूर जाते. रॉबर्ट्सच्याच करारनाम्यात लुटीच्या वाटपाचे कलम आहे: कप्तान आणि क्वार्टरमास्टर यांना प्रत्येकी दोन वाटे, सुकाण्या, तोफची अशा जाणकारांना दीड, इतर अधिकाऱ्यांना सव्वा आणि बाकी सर्वांना एक. आता या यादीत वारा बोलावणाऱ्या मुलीला बसवा. तिच्याशिवाय जहाज हलत नाही म्हणून ती दोन वाट्यांची हक्कदार आहे का? दोन वाटे दिले तर वीस वर्षे समुद्रावर घालवलेला तोफची काय म्हणेल? एकच दिला तर ती दुसऱ्या जहाजावर जाणार नाही कशावरून, आणि तिने जाऊ नये म्हणून तिला रात्री कोठडीत बंद करावे असे कोण सुचवेल? हे सुचवणारा माणूस दुष्ट असण्याची गरज नाही. तो तिच्यावर मनापासून माया करणारा असला तर प्रसंग कितीतरी अधिक धारदार होईल. इथे जादू, चाचेगिरी आणि राजकारण एकाच कोठडीच्या दाराशी येऊन उभे राहतात, आणि सुकाणू म्हणतात तसे ते मुलीच्या उंचीवरूनही दिसते.

उलटा वारा

सहमत. फक्त तिला कोठडीत ठेवायचे की नाही यावरही मतदान घ्यावे, आणि तिच्या बाजूने कोणी हात वर केला व कोणी केला नाही हे तिला फळीच्या फटीतून दिसावे.

तळटीप

सुकाणू यांच्या लोकशाही जहाजाबद्दल मात्र एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते, कारण या उपप्रकारातील बऱ्याच कादंबऱ्या इथे पाय घसरून पडतात. त्यांनी उल्लेख केलेले व्हिडा हे जहाज मुळात गुलामांच्या वाहतुकीसाठी बांधलेले होते. आणि ज्या रॉबर्ट्सच्या करारनाम्यात प्रत्येकाला मत आहे, त्याच रॉबर्ट्सच्या माणसांनी जानेवारी १७२२ मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, कप्तानाने खंडणी नाकारली म्हणून, पॉर्क्युपाइन नावाचे जहाज पेटवून दिले. त्यावर सुमारे ८० गुलाम दोन-दोनच्या जोडीने साखळ्यांत जखडलेले होते, आणि साखळ्या सोडवण्यात वेळ जाईल म्हणून त्या सोडवल्या गेल्या नाहीत. काही चाच्यांच्या टोळ्यांत मुक्त झालेले कृष्णवर्णीय खलाशी बरोबरीने होते हेही खरे, पण समतेचे कलम जहाजाच्या कठड्यापाशी संपत असे.

काल्पनिक जगात गुलामगिरी दाखवलीच पाहिजे असा माझा आग्रह नाही. पण चाच्यांना सरसकट स्वातंत्र्यवीर आणि राजाच्या माणसांना सरसकट जुलमी ठरवले की राजकारण उरतच नाही, नुसती बाजू उरते. वारा गाठीत बांधून विकला जातो असे आपण ठरवलेच आहे, तर त्या गाठी मारणारे कोण आहेत, त्यांना त्याचा मोबदला मिळतो का आणि त्यांच्या प्रदेशात मागे वारा उरतो का, हे प्रश्न विचारले गेले पाहिजेत. लुटलेल्या मालात नायिकेला गाठींच्या दोऱ्यांनी भरलेली पेटी सापडते, जहाजावर जल्लोष होतो, आणि त्या दोऱ्यांची गाठ मारण्याची पद्धत तिच्या आजीची आहे हे फक्त तिलाच ओळखू येते. जल्लोष करणारी तिचीच माणसे आहेत, आणि हा माल विकायचा की नाही यावर उद्या मतदान आहे.

कोरा कागद

आजीच्या गाठीचा प्रसंग मी आपल्या परवानगीने ठेवून घेते. काका आणि सावकार यांचे कर्जही घेते, आणि परवाना गाठ सोडण्यावर लागतो असे ठरवते. आता शेवटाविषयी विचारायचे आहे. माझ्या आराखड्यात नायिका ही राजघराण्याची हरवलेली मुलगी निघते आणि राजपुत्राबरोबर राज्याची धुरा सांभाळते. हे लिहिताना हात चालत नाही, पण दुसरे काय करावे हेही सुचत नाही.

उलटा वारा

हरवलेली राजकन्या कृपा करून हरवलेलीच राहू द्या. चारशे पाने मतदान, वाटे आणि करारनामे यांची बाजू घ्यायची आणि शेवटी रक्ताने सत्ता मिळते असे सांगायचे, यात आधीचे सगळे धुऊन जाते.

तळटीप

शेवटासाठीही परवान्याचाच धागा पुढे न्यावा. चाच्यांचा खरा शेवट लढाईपेक्षा माफीने अधिक वेळा झालेला आहे, आणि माफी हे राज्यकर्त्यांच्या हातातील सर्वांत धूर्त शस्त्र होते. १७१७ च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडच्या राजाने शरण येणाऱ्या चाच्यांना माफी जाहीर केली आणि पुढच्या वर्षी वुड्स रॉजर्स हा गव्हर्नर ती घेऊन बहामातील नासाऊला पोहोचला. चार्ल्स व्हेन या चाच्याने एक पेटते जहाज त्याच्या ताफ्यावर सोडून पळ काढला, तर बेंजामिन हॉर्निगोल्ड या मुरलेल्या कप्तानाने माफी स्वीकारली आणि रॉजर्सच्याच चाकरीत राहून जुन्या सोबत्यांची शिकार सुरू केली. एका कागदाने चाच्यांचे बेट दुभंगले. तोफांना जे वर्षानुवर्षे साधले नव्हते ते माफीने काही महिन्यांत साधले.

याच्या उलट उदाहरण झेंग यी साओचे आहे. दक्षिण चीनच्या समुद्रात तिने पतीच्या मृत्यूनंतर, १८०७ पासून, चाच्यांच्या संघाची सूत्रे हाती ठेवली होती आणि मिठाच्या जहाजांनाही तिचे संरक्षणपत्र विकत घ्यावे लागे. १८१० मध्ये वाटाघाटी अडल्या तेव्हा ती बायका-मुलांना बरोबर घेऊन, शस्त्राविना, कँटनला प्रांताधिपतीच्या कचेरीत स्वतः गेली आणि हव्या त्या अटी पदरात पाडून घेतल्या. तिचा दुसरा पती झांग बाओ याला चिनी आरमारात हुद्दा मिळाला, काही जहाजे ठेवता आली, आणि उरलेल्या चाच्यांचा बीमोड करण्यासाठी सरकारने त्यालाच वापरले. तिचे स्वतःचे निधन १८४४ मध्ये झाले. यात जिंकले कोण? ती वाचली, तिची माणसे बव्हंशी वाचली, आणि तिच्या संघातून फुटलेले किंवा शरण न गेलेले मारले गेले.

आणखी एक, थोडे कडू उदाहरण आपल्या ओळखीचे आहे. १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशवे आणि इंग्रज एकत्र आले, विजयदुर्ग पडला आणि आंग्र्यांचे आरमार जळून गेले. घरातील भांडण मिटवण्यासाठी बाहेरच्याला आत घेतले की समुद्र कोणाच्या हाती जातो, हे आपल्या कादंबरीतील काकाला कोणीतरी सांगायला हवे; त्याने अर्थात ऐकू नये.

कोरा कागद

मग राजकन्या बाद. शेवटी काका माफीनामा पाठवतो. अटी दोन: गाठींची पेटी सरकारजमा करायची आणि नायिकेने राजाच्या परवान्यावर, राजाच्या आरमारासाठी वारा बोलवायचा, त्या बदल्यात जहाजावरील प्रत्येकाला अभय, झालेल्या जखमांची भरपाई आणि गावी परत जाण्याची मोकळीक. काका खोटे बोलत नसतो, त्याला शब्द पाळणे परवडणारे असते, कारण सावकारांना आवरायला त्याला तिची गरज आहे. जहाजावर मतदान होते. वीस वर्षे समुद्रावर घालवलेला तोफची, ज्याचा एक डोळा गेलेला आहे, तो हात वर करतो, आणि त्याच्या बाजूने बोलावे असे तिलाही क्षणभर वाटते. ती मतदान हरते. पहिला भाग इथेच संपेल.

सुकाणू

आता ही माझ्या वाचकाची कादंबरी झाली, एक अट सोडून. ती हरली पाहिजे ती एका मताने, आणि ते मत कोणाचे हे वाचकाला ठाऊक असले पाहिजे. शिवाय सोळा वर्षांच्या मुलीला जहाजावर मत आहे की नाही, हे पहिल्या तीन प्रकरणांतच लढून ठरवून घ्या. तिने ते भांडून मिळवलेले नसेल तर शेवटच्या प्रकरणातील हार नुसती आकडेमोड वाटेल.

उलटा वारा

त्या तीन प्रकरणांत जहाजाचा तळही एकदा खरवडून घ्यावा. मताची मागणी करायला ती जागा उत्तम आहे: तोफा किनाऱ्यावर आहेत, कप्तानाचा अधिकार लढाईपुरताच असल्याने तिथे चालत नाही, आणि सगळ्यांच्या हातात खरवडण्या आहेत, तिच्याही.